इलेक्ट्रोड किती, हा प्रश्न

विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाचा आकड्यांवर जरा जास्तच विश्वास असतो. माझाही होता. निरोगी कानाच्या शंखात आतल्या रांगेतल्या केशपेशी सुमारे ३,५००, श्रवणचेतेचे तंतू ३०,०००च्या आसपास. आणि बहिऱ्या कानाच्या शंखात बसवून श्रवणचेतेला थेट विजेने डिवचणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड जेमतेम १२ ते २२. एवढ्याशा वाटेने भाषा आत जाईल हे मला पटतच नव्हते. लाखो रुपये मोजून विकत घेतलेली खरखर, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. पुढे जरा मवाळ झालो, तोही अभियंत्याच्याच थाटात: इलेक्ट्रोड शंभर होऊ द्या, मग बघू.

ही दोन्ही मते आता माझी नाहीत.

पहिले ढळले रॉबर्ट शॅनन यांच्या १९९५ सालच्या प्रयोगाने. (माहिती सिद्धांतवाले क्लॉड शॅनन ते वेगळे.) बोलणे त्यांनी चार कंप्रतापट्ट्यांत विभागले, प्रत्येक पट्टीतला बारीक तपशील टाकून दिला आणि नुसता चढउतार तेवढा खरखरीवर चढवला. तरीही शांत खोलीत, थोड्या सरावानंतर, ऐकणाऱ्यांना वाक्ये कळली. बोलण्यात माहितीची इतकी पुनरुक्ती असते की बरीचशी गमावूनही अर्थ उरतो. अडते ते 'पान', 'तान', 'कान' यांसारख्या शब्दांत, जिथे फरक केवळ उच्चारस्थानाचा असतो. तिथे संदर्भ सावरून घेतो.

दुसरे मत सोडणे मला जड गेले. इलेक्ट्रोड ज्या पोकळीत बसतात तिथला द्रव वीजवाहक असतो. एका वाफ्यात सोडलेले पाणी शेजारच्या वाफ्यात झिरपावे तसा प्रवाह पसरतो आणि शेजारशेजारचे इलेक्ट्रोड त्याच तंतूंना डिवचतात. ब्लेक विल्सन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत इलेक्ट्रोड एकाच क्षणी नव्हे, आळीपाळीने स्पंद देतात. त्याने प्रवाहांची आपसातली सरमिसळ टळली, पसरणे मात्र थांबले नाही. शॅनन यांच्याच गटाला २००१ मध्ये दिसले, की इम्प्लांट वापरणाऱ्यांना साधारण आठ इलेक्ट्रोडांपुढे फारसा लाभ होत नाही. नुसते इलेक्ट्रोड वाढवले तर आकडा वाढतो, माहिती वाढत नाही.

गाण्याबाबत मात्र मी अजून जुन्याच पक्षात आहे. स्पंदांचा वेग साधारण ३०० हर्ट्झच्या वर नेला, की बहुतेकांना त्यातून स्वर चढल्याचे कळत नाही. तानपुऱ्याची जुळलेली जोड या वाटेने जाणार नाही, आणि तसे आश्वासन कुणी देऊही नये.

तुमच्या नात्यात एखाद्या जन्मतः बहिऱ्या बाळासाठी चौकशी चालली असेल, तर इलेक्ट्रोड किती हे शेवटी विचारा. आधी विचारा, शस्त्रक्रिया किती लवकर होईल आणि नंतरची कित्येक वर्षे त्या बाळाशी रोज बोलत कोण बसणार आहे.