बाहुबलीच्या पायथ्याची खोप

कुंभोज-बाहुबलीला आम्ही दरवर्षी जातो. यंदा दर्शनाच्या पिशवीत रंगपेटीही होती. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यापासून कोल्हापुरात जलरंग शिकतो आहे. आबालाल रहिमान ज्या शहरी निसर्गचित्रे रंगवीत राहिले, तेथे हा नाद उशिरा लागला याचेच नवल.

२८ फुटी संगमरवरी बाहुबलींचे दर्शन घेऊन बाहेर आलो. उसाच्या कडेला एक खोप दिसली. मातीच्या भिंती, पाचटाचे छप्पर, दारापुढे म्हैस, मागे डोंगर. पहिल्या चित्रात मी छपराची काडी न् काडी रेखाटली. वहीत पै न् पै मांडणारा हात हा. त्याला काही सोडून देणे ठाऊकच नाही. चित्र बिनचूक झाले आणि निर्जीव झाले. गुरुजी सांगत, डोळे किलकिले करून उजळ, मध्यम, गडद एवढेच पाहा आणि जमेल तेवढा मोठा ब्रश घ्या.

ब्रशचेही सांगायला हवे. माझे जुने ब्रश मुंगसाच्या केसांचे होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे मुंगसाला अभय आहे. तरी या केसांसाठी त्याला मारतात हे कळल्यावर ते हाती धरवेनात. नायलॉनचे घेतले. ते पाणी कमी धरतात, लांब फटकारा मध्येच कोरडा पडतो. वर्षभर मी याबद्दल कुरकुरलो.

दुसरा कागद भिजवला. आभाळ आणि डोंगर ओल्यातच सोडले, उसाचा हिरवा त्यांत हवा तसा पसरला. उन्हातली भिंत कोरी ठेवली; जलरंगात पांढरे म्हणजे कागदच. छपरावर तोच नायलॉनचा ब्रश आडवा ओढला, तर कोरड्या पडलेल्या फटकाऱ्याने खरखरीत पाचट आपोआप उमटले!

ऊन तिरपे झाले, सावल्या लांबल्या आणि नेमकी भोजनशाळेची वेळ झाली. सूर्यास्तापूर्वी ताटावर बसायचे, तेव्हा हाती दहा मिनिटे. म्हैस दोन डागांत आटोपली. दाराच्या जागी निळ्या-तपकिरी सावलीचा एक ठसा दिला आणि उठलो.

खोपीतल्या आजी जवळ आल्या. पहिल्या चित्राकडे पाहून काही बोलल्या नाहीत. दुसरे पाहून म्हणाल्या, “म्हस आमचीच हाय. दार उघडं ठेवलंय न्हवं?”

सौभाग्यवती तिकडून हाका मारीत होत्या. मी ब्रश धुतले.