बाईंची ढाळ

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात संध्याकाळचे जेवण दिवस मावळण्याआधी उरकते. दुकान लक्ष्मी रस्त्यावर असल्याने गिऱ्हाइकांची गर्दी नेमकी त्याच वेळी असते. तरीही वडिलांनी हा नियम मोडला नाही आणि मीही शक्यतो मोडू दिला नाही. भिंतीवरच्या पंचांगात सूर्यास्ताची वेळ पाहायची, डबा उघडायचा आणि चौविहाराचे पच्चक्खाण घ्यायचे, एवढा सरळ हा मामला. तो इतका सरळ नसतो, हे मला माझ्या नातीने तीन वर्षांपूर्वी दाखवून दिले.

ती उच्च शिक्षणासाठी नॉर्वेतील ट्रोम्सो या शहरी गेली. आर्क्टिक वृत्ताच्याही बरेच उत्तरेला, जवळजवळ ७० अक्षांशावर वसलेले हे शहर. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येत नाही आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळत नाही. पहिल्याच हिवाळ्यात तिचा फोन आला, “दादाजी, इथे सूर्य उगवतच नाही. मग नवकारसी केव्हा पारायची? आणि उन्हाळ्यात मावळणारच नाही, तर चौविहार केव्हा करायचा?” मी निरुत्तर झालो. शेवटी घरात बसून आम्हीच ठरवले, की पुण्याच्या पंचांगातली वेळ तिथल्या घड्याळावर धरायची. नियम सूर्याला बांधण्यासाठी नसून आपल्या जिभेला बांधण्यासाठी आहे, असे आम्ही समजलो. शास्त्रज्ञांनी यावर अधिक प्रकाश टाकावा. आमच्यापुरता तेवढ्यावर निभाव लागला.

यंदा महावीर जयंतीनंतरच्या आठवड्यात तिथे ईस्टरची सुट्टी होती. मैत्रिणींबरोबर ती काऊतोकेइनो नावाच्या गावी गेली. सामी लोक त्याला आपल्या भाषेत ग्वोवदागेआइद्नू म्हणतात. सामी म्हणजे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांच्या उत्तरेला पसरलेला मूळचा समाज. त्यातली बरीच कुटुंबे आजही रेनडियरचे कळप राखतात. बाहेर बर्फ, आणि खाण्यात मुख्यतः मांस. मुलीने पिशवीत खाखरे, मेतकूट आणि भाजलेले पोहे नेले होते म्हणून तिचे चार दिवस निघाले. ईस्टरच्या दिवसांत तिथे लग्ने लागतात, रेनडियरच्या शर्यती होतात आणि १९९० पासून एक गायनस्पर्धा भरते. तिचे नाव सामी ग्रां प्री. सीमांपलीकडचे सामी गायकही तिथे येतात. नातीने त्या रात्री मला ध्वनिमुद्रण पाठवले आणि सोबत एक लांबलचक निरोपही. तो वाचल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही, म्हणून हा लेख.

तिने लिहिले होते, की या स्पर्धेचे दोन विभाग असतात. एकात नव्या चालीची, वाद्यांसह गाणी. दुसऱ्यात योइक. योइक हा सामींचा परंपरागत गानप्रकार. जुन्या रीतीत तो एकट्याने, बिनवाद्याचा म्हणतात. त्यात शब्द थोडे, कधी नुसतेच स्वर. तो एखाद्या माणसाचा असतो, लांडग्याचा, डोंगराचा किंवा नदीचा. सामी सांगतात, की योइक त्या माणसाविषयी नसतो. त्यातून तो माणूसच समोर उभा राहतो. आणि ज्याचा योइक रचला, मालकी त्याचीच मानतात, रचणाऱ्याची नव्हे. व्यापारी घरात जन्मलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब प्रथम उलटा वाटला. माल घडवला एकाने आणि खात्यावर चढला दुसऱ्याच्या! पण थोडा विचार केल्यावर तो पटला. आईने अंगाई रचली, तर ती बाळाचीच असते.

या गाण्यावर मोठे संकट आले होते. सतराव्या-अठराव्या शतकांत ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी सामींचे पवित्र ढोल जप्त केले, जाळले, आणि योइक गाणे पाप ठरवले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ शंभर वर्षे नॉर्वेच्या सरकारने सामी मुलांना शाळांतून नॉर्वेजियन करण्याचे धोरण चालवले. मुले स्वतःच्या भाषेला लाजू लागली. १९७९ साली आल्ता नदीवरील धरणाविरुद्ध सामी तरुणांनी ऑस्लोमध्ये संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केले. आपल्याला उपवासाचे बळ सांगावे लागत नाही. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, हेग येथील युरोव्हिजन स्पर्धेत नॉर्वेच्या गाण्यात मातिस हेट्टा यांनी लाखो लोकांसमोर योइक म्हटला. १९ गाण्यांत त्या गाण्याचा क्रमांक १६ वा आला. धरणही पुढे झालेच, जरी मूळ आराखड्यात बुडणारे मासी हे गाव वाचले. परंतु १९८९ मध्ये सामींची स्वतःची संसद उभी राहिली, आणि वर्षभरात ही स्पर्धाही सुरू झाली. २०१९ च्या युरोव्हिजनमध्ये पुन्हा एका नॉर्वेजियन गाण्यात काऊतोकेइनोच्याच फ्रेड बुल्यो यांचा योइक होता. सामान्य प्रेक्षकांच्या मतांत ते गाणे सर्वांत पुढे होते. परीक्षकांनी मात्र इतके कमी गुण दिले, की एकूण क्रमांक सहावा आला.

निरोपाच्या शेवटी नातीने विचारले होते, “दादाजी, तुमच्या बाई ढाळ म्हणायच्या ना? पप्पा सांगतात. मला एक म्हणून पाठवाल? इथे मैत्रिणी विचारतात, तुमच्या घरचे गाणे कोणते.”

मी फोन बाजूला ठेवला. मला एकही ढाळ संपूर्ण येत नाही.

बाई म्हणजे माझी आई. आमच्याकडे आईला बाईच म्हणत. आजोबा मारवाडातून महाराष्ट्रात आले, आधी खेड्यावर आणि मग पुण्यात. घरात मारवाडी, दारात मराठी. सदाशिव पेठेत वाढायचे म्हणजे उच्चार चोख हवेत. वर्गात माझ्या तोंडून एखादा घरचा शब्द निसटला, की पोरे हसत. दहाव्या वर्षीच मी ठरवले, की आपले मराठी असे करायचे, की कोणी आडनाव विचारल्याशिवाय ओळखू नये. ते साधलेही. त्याची किंमत मी कधी खतावली नाही.

बाई शाळेत गेलेली नव्हती. पण दुपारी धान्य निवडताना ती ढाळा म्हणे: चंदनबालेची, मेतार्य मुनींची आणि सर्वांत अधिक शालिभद्राची. ढाळ म्हणजे आपल्या मुनींनी आणि श्रावक कवींनी लोकांच्या बोलीत रचलेली गेय कथा. प्रत्येक ढाळेच्या माथ्यावर ‘देशी’ लिहिलेली असते, म्हणजे ती कोणत्या लोकगीताच्या चालीवर म्हणायची त्याची खूण. त्या काळी गावोगावी जे गीत बायकांच्या ओठी असे, त्याचीच चाल मुनी घेत आणि त्यात धर्मकथा ओवत. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ या ग्रंथमालेत अशा देशींची मोठी सूची दिली आहे. लोकांची चाल धर्माने विटाळ मानली नाही, हे आपल्या परंपरेचे मोठेपण.

आता माझी गोष्ट सांगतो. १९८४ च्या पर्युषणात आमच्या तरुण मंडळाने स्तवनस्पर्धा भरवली. नियम मीच लिहिले होते. वेळ चार मिनिटे. भाषा हिंदी अथवा शुद्ध मराठी. साथीला पेटी आणि तबला. उच्चारांना वीस गुण. बाईंनी नाव दिले, तेव्हा मला संकोच वाटला. पण आईला नाही कसे म्हणणार? भाषेच्या नियमातून तिला सूट दिली आणि आपण उदार झालो, असे मानले. तिने पेटी नको म्हटले. डोळे मिटून तिने शालिभद्राची ढाळ सुरू केली. रत्नकंबळांचा सौदा झाला. राजाही विकत घेऊ न शकलेल्या सोळा कंबळांचे भद्रा सेठाणीने दोन-दोन तुकडे केले आणि बत्तीस सुनांना वाटले. आपल्या डोक्यावर राजा नावाचा कोणी धनी आहे, हे कळताच शालिभद्राला वैराग्य आले. दीक्षा झाली. तपाने शरीर वाळले. मासखमणाच्या पारण्यासाठी शालिभद्र मुनी राजगृहीत आपल्याच घराच्या दारी येऊन उभे राहिले, आणि आत आई मुलाच्या दर्शनाला निघण्याच्या गडबडीत होती. दारातल्या मुनीकडे तिचे लक्षच गेले नाही.

इथे चार मिनिटे झाली आणि मी घंटा वाजवली. वेळेची घंटा माझ्याच हाती होती.

बाई ओळीच्या मध्यावर थांबली. मुनी दारातच राहिले. सभेत कोणीतरी हसले. तिने हात जोडले, परीक्षकांना “जय जिनेंद्र” म्हटले आणि ती जागेवर जाऊन बसली. पहिले पारितोषिक एका चित्रपटगीताच्या चालीवरील स्तवनाला मिळाले. घरी आल्यावर तिने मला एक शब्द विचारला नाही. मी मात्र म्हणालो, “नियम सर्वांना सारखा असतो, बाई.” ती “हो” म्हणाली. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे ती आमच्यात होती. सामायिक झाले, तप झाले, अठ्ठाई झाली. पण माझ्या देखत तिने पुन्हा ढाळ म्हटली नाही. दर संवत्सरीला मी तिला खमतखामणा करीत होतो. ‘जाणते-अजाणते’ म्हणत होतो. या एका गोष्टीचे नाव घेऊन मी क्षमा मागितली नाही, कारण यात काही चुकले असे मला वाटलेच नव्हते. नियम तर सर्वांना सारखाच होता!

नातीचा निरोप वाचून मी कपाटातली बाईंची लाल वही काढली. वडिलांनी ती तिच्यासाठी लिहून ठेवली होती, काही पाने बाळबोध आणि काही मुडिया लिपीत. मुडियात काना-मात्रा नसतात. हुंडी वाचणाऱ्यांना सवय असे, मला नाही. तरी शालिभद्राची ढाळ बाळबोधीत सापडली, पूर्ण. माथ्यावर देशीचे नावही होते. पण ज्या लोकगीताचे ते नाव, ते गीत आता कोणाला येते? सामींपाशी सूर आहे आणि शब्द थोडे. माझ्या हातात शब्द सगळे आहेत आणि सूर नाही.

पंधरा दिवस मी फोन करीत होतो. अखेर घोडनदीला माझी एक मावशी, वय वर्षे ८८, म्हणाली, “चाल? मला येते की. तुझी आई आणि मी एकाच घट्टीवर शिकलो.” दुसऱ्याच दिवशी मी गेलो. तिला आता नीट ऐकू येत नाही, श्वासही पुरत नाही. तिने तीन बैठकांत ढाळ म्हटली आणि मी फोनवर ती मुद्रित केली. मुनी दारातून परत फिरले. वाटेत एका वृद्ध गवळणीला त्यांना पाहून पान्हा फुटला आणि तिने त्यांना दही वाहिले. ती त्यांची मागील जन्मीची आई होती. पुढचा भाग मी आयुष्यात प्रथमच ऐकला. भद्रामातेला नंतर कळते, की दारात आलेला तो आपलाच मुलगा होता, आणि ती डोंगरावर धावते. मावशी थांबली, तेव्हा तिच्या अंगणात बसून मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही. दाराशी आलेल्याला न ओळखणारा आमच्या घरात मुलगा निघाला.

ती मुद्रिका नातीला पाठवली. ती आता ढाळेचे पहिले कडवे म्हणते; उच्चार कच्चे आहेत, वीसपैकी पाच गुणांचे. मी दुरुस्त करीत नाही.

यंदाच्या पर्युषणातील स्पर्धेत आमच्या मंडळाने एक वेगळा विभाग ठेवला आहे. कार्यकारिणीत चर्चा झाली. कोणी म्हणाले, भक्तीत स्पर्धा हीच मुळात चूक, त्यातून मान कषाय वाढतो. कोणी म्हणाले, स्पर्धा नसेल तर मुले येणार नाहीत. दोन्हींत तथ्य आहे. म्हणून मुलांची स्पर्धा नेहमीप्रमाणे राहील, पारितोषिकांसह. या दुसऱ्या विभागात मात्र क्रमांक नाहीत, गुण नाहीत, साथीची सक्ती नाही. मारवाडी, कच्छी, गुजराती, सांगली-कोल्हापूरकडील आपल्या बांधवांची कानडी किंवा मराठी, जी घरची असेल ती बोली चालेल. आतापर्यंत पाच नावे आली आहेत, सर्व सत्तरीच्या पुढची. घंटा ठेवायची की नाही, यावर मतदान घ्यावे लागले नाही.

वाचकहो, आपल्या घरात कोणी आजी, काकू, मावशी ढाळ, सज्झाय, हालरडे म्हणत असेल, तर तिच्याजवळ आजच बसा. वही मिळेल, छापील पुस्तकही मिळेल; चाल तिच्याबरोबर जाईल.

बाई, १९८४ च्या त्या संध्याकाळी मी घंटा वाजवली. त्याबद्दल, नाव घेऊन, मिच्छामि दुक्कडं.