आपली टीम

आमचं घर शहागंजात, घंटाघरापासून हाकेच्या अंतरावर. खाली फळांचे गाडे, वर आमचा टीव्ही. २०१४ च्या जानेवारीअखेरीस त्या टीव्हीसमोर आम्ही तीन पिढ्या बसलो होतो आणि तिघांच्या टीम तीन होत्या.

रणजी ट्रॉफीची फायनल होती. महाराष्ट्र विरुद्ध कर्नाटक, हैदराबादला. मी अकरावीत होतो, रोज संध्याकाळी आमखास मैदानावर ऑफस्पिन टाकायचो. माझ्यासाठी याहून मोठी मॅच नव्हती. टीममध्ये आमच्याच जिल्ह्यातला अंकित बावणे होता आणि शेजारच्या जालन्याचा विजय झोल. टीव्हीवर पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याकडचं दिसत होतं.

आजोबांना महाराष्ट्राचं फारसं काही नव्हतं. त्यांचा जन्म निजामाच्या राज्यातला. १९५६ पर्यंत आमचं शहर हैदराबाद राज्यातच होतं. त्यांच्या लहानपणी, १९३७-३८ मध्ये, हैदराबादने नवानगरला एका विकेटने हरवून रणजी जिंकली होती. "मैदान तर आपलंच आहे की," एवढंच म्हणून ते पानाचा डबा उघडायचे.

बाबा मुंबईवाले. मुंबईत चार दिवसही न राहिलेले मुंबईवाले. क्वार्टर फायनलला महाराष्ट्राने वानखेडेवर गतविजेत्या मुंबईला हरवलं, तेव्हा मी घरभर नाचलो आणि बाबा त्या रात्री न जेवता झोपले.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग १५ वेळा रणजी जिंकली. त्यातला १९७०-७१ चा किस्सा बाबांचा फार आवडता. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडिजला गेलेले. मागे उरलेल्या पोरांची टीम, कर्णधार सुधीर नाईक. फायनलला समोर चंदू बोर्डेंचा महाराष्ट्र. तरी मुंबईच जिंकली. "बघ, यांची दुसरी फळीसुद्धा हरत नाही!"

माझ्याकडे उत्तरादाखल दोनच ट्रॉफ्या होत्या, १९३९-४० आणि १९४०-४१ च्या. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर तेव्हा कर्णधार, वय पन्नाशीला टेकलेलं. आणि एक होते भाऊसाहेब निंबाळकर. १९४८ मध्ये पुण्यात ते ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी, आणि समोरच्या काठियावाडने मॅचच सोडून दिली. निंबाळकरांना कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही. आमचा इतिहास हा असा, थोडक्यात राहिलेला.

बाबा म्हणायचे, गुणी पोरं सगळीकडे असतात, मुंबईकडे सोय आहे. शाळेत हॅरिस शील्ड. १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर कांगा लीग. मग ऑफिसांची टाइम्स शील्ड. गावसकर निर्लॉनमध्ये, वेंगसरकर टाटांकडे. "एक तारखेला घरी पगार येतो, म्हणून माणूस निवांत शंभर काढतो."

फायनल आम्ही सात विकेटने हरलो. त्याच आठवड्यात बाबांनी माझी किट बॅग माळ्यावर टाकली. रागाने नाही, शांतपणे. "मुंबईत असतो तर खेळवलं असतं तुला. इथं कोण बघणार? बारावी कर." मी वाद घातला नाही. बारावी केली, इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरीला लागलो. आता एक तारखेला पगार येतो. शंभर काही निघत नाहीत.

मार्च २०२४ मध्ये मुंबईने विदर्भाला हरवून ४२ वी रणजी जिंकली. बाबांचा फोन आला, आवाजात पेढे होते. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, नागपुरात केरळविरुद्धची फायनल अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर ट्रॉफी विदर्भाकडे गेली. त्यांची तिसरी. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतंय, पहिली ट्रॉफी मिळाली २०१७-१८ मध्ये. साठ वर्षं कुणी त्यांना मोजतही नव्हतं.

त्या रात्री पुन्हा फोन. "नागपूरवाल्यांनी कसं जमवलं रे?"

मी म्हटलं, "पहिल्या ट्रॉफीला कोच चंद्रकांत पंडित होते, टीममध्ये वसीम जाफर. दोघंही तुमच्या मुंबईचेच."

ते हसतील असं वाटलं होतं. खालून गाडेवाल्याची हाक ऐकू येत राहिली. मग म्हणाले, "म्हणजे मुंबईला जावंच लागतं असं नाही. तुला एक वर्ष द्यायला पाहिजे होतं मी."

"जाऊ द्या बाबा," मी म्हटलं, "माझा बॉल तेवढा वळायचाच नाही."

हे खरं आहे की नाही, मला माहीत नाही. ते कळायला ते एक वर्षच लागलं असतं.