आवाज वाढव!

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख द्या अशी नोटीस लागली, तेव्हा मी तिच्यासमोरून तीनदा मान खाली घालून गेले. चौथ्यांदा मात्र थांबले, कारण डोक्यात एक विषय होता आणि तो इंग्रजीत लिहिताच येईना. या लेखातली सगळी माणसं मराठीत भांडतात, त्याला मी तरी काय करणार!

तर मंडळी, विषय आहे आमच्या घरचं होम थिएटर.

ते पप्पांनी २००८ च्या दिवाळीत घेतलं. मी तेव्हा तीन वर्षांची होते. पाच पिटुकले स्पीकर, एक ढोल्या सबवूफर आणि डीव्हीडी प्लेअर, सगळं एकाच खोक्यात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५००० वॅट पीएमपीओ' असं लिहिलेलं आणि मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत वीज लागणार ६५ वॅट! सेकंड इयरला आल्यावर मी हे पप्पांना समजावून सांगितलं, की ६५ आत जातात तर ५००० बाहेर कसे येतील? पप्पा म्हणाले, "अगं, दिवाळीची सूट होती."

आमच्या कामतघरच्या चाळीत ते पहिलं होम थिएटर. रविवारी शेजारपाजारचे चप्पल बाहेर काढून आत यायचे आणि मी सबवूफरवर बसून पिक्चर बघायचे. पोटात गुदगुल्या व्हायच्या. माझं इलेक्ट्रॉनिक्सशी नातं तिथूनच जुळलं असं मुलाखतीत सांगायला बरं आहे, पण खरं म्हणजे बसायला दुसरी जागा नसायची.

मग ते म्हातारं झालं. डीव्हीडीची लेन्स गेली, मागचा एक स्पीकर मुका झाला, सबवूफरच्या कडेचा फोम कुजून भुगा झाला. त्यात आम्ही नवा टीव्ही घेतला. त्याला पिवळी-लाल-पांढरी पिन लावायला जागाच नाही! एचडीएमआय आणि ऑप्टिकल, बस्स. माझ्या धाकट्या भावाने (अकरावी कॉमर्स, पण स्वतःला ऑडिओ इंजिनिअर समजतो) टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढून जुन्या सेटच्या मागे खोचली आणि आवाज आला. वर्षभर आम्ही त्याच्यावरच खूश होतो.

एकटे पप्पा खूश नव्हते. रोज रात्री जेवताना तेच.

"आवाज वाढव."

वाढवला.

"आता मोठा झाला, पण बोलतायत काय ते कळत नाही. मशीन गेलं तुझं."

मम्मी म्हणायची, "मशीन नाही गेलं, तुमचे कान गेले. लूमचे कान!" आणि सगळे हसायचे. मीसुद्धा. भिवंडीत हा रोजचा विनोद आहे. आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलतात. फर्स्ट इयरला होस्टेलच्या मैत्रिणीने माझा घरचा फोन ऐकून काळजीने विचारलं होतं, "घरी काही भांडण चाललंय का?" मी म्हटलं, "नाही गं, पप्पा विचारतायत जेवलीस का."

पप्पा जॉबर आहेत. हे कॉलेजात समजावून सांगावं लागतं. जॉबर म्हणजे लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा. भिवंडीत लूम लाखांत मोजतात आणि पप्पांच्या कारखान्यात आहेत ते जुने, शटलचे. धोट्याला एका बाजूने फटका द्यायचा, तो दुसऱ्या बाजूला जाऊन आपटतो, तिथून परत फटका. मिनिटाला शंभराच्या वर फटके, आणि एका शेडमध्ये असे चोवीस लूम. पप्पा सतराव्या वर्षापासून त्या आवाजात आहेत, बारा-बारा तासांची पाळी. त्यांची ख्याती अशी, की दारातून आत येताना नुसत्या आवाजावरून सांगायचे, "सात नंबरचं पिकिंग ढिलं झालंय." मी लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा हे स्वतः पाहिलंय.

तर यंदा मी ट्यूशनचे पैसे साठवले होते, सोळा हजार. ठरवलं, पप्पांना चांगला सेट द्यायचा. नवा की जुना, यावर घरात आठवडाभर परिषद भरली. भावाला नवा साउंडबार हवा होता, म्हणजे लांबलचक, काळा, चकचकीत. मम्मीचं मत, जुनं कुणाचं तरी वापरलेलं घरात आणायचं नाही. माझं मत वेगळं होतं, आणि इथे मला इंजिनिअरिंगचा दोन मिनिटं माज करू द्या.

चित्राची तंत्रं लवकर म्हातारी होतात, आवाजाची होत नाहीत. एव्ही रिसीव्हर म्हणजे एक ॲम्प्लिफायर आणि वर थोडी अक्कल. पंधरा वर्षांपूर्वीचा चांगला रिसीव्हर आज स्वस्तात मिळतो, का? तर त्याच्या एचडीएमआयमधून फोर-के चित्र जात नाही म्हणून. पण चित्र त्याच्यातून न्यायचंच कशाला? ते टीव्हीवरच राहू दे. टीव्हीतून आवाज तेवढा ऑप्टिकल वायरने रिसीव्हरला द्यायचा. डॉल्बी डिजिटल ५.१ त्या वायरीतून आरामात जातो. ही वायर तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली, आणि आजच्या टीव्हीलासुद्धा बहुतेक वेळा ते भोक असतं. म्हणून माझा हिशोब असा, की ज्याच्यातून चित्र जातं ते नवं घ्या, ज्याच्यातून नुसता आवाज जातो ते जुनं चालेल.

असो. एका शनिवारी मी आणि भाऊ लॅमिंग्टन रोडला निघालो. भिवंडीहून मुंबईला जाणं म्हणजे यात्राच. आमचं स्टेशन वसई-दिवा लाइनवर, त्याचा मुंबईला जायला उपयोग शून्य. ठाण्यापर्यंत एसटी, तिथून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचारलं तर कुणी पत्ता सांगणार नाही.

पहिल्या तीन दुकानांत प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर भावाला मिळायचं! मी ओहम विचारते, दुकानदार त्याच्याकडे बघून वॅट सांगतो. चौथ्या दुकानात मात्र एक म्हातारे दुरुस्तीवाले होते, हातात सोल्डरिंग गन, डोळ्यांवर दोरा बांधलेला चष्मा. मी जुन्या सेटचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पापा को सुनाई नहीं देता, या समझ में नहीं आता?"

मी म्हटलं, दोन्ही एकच ना?

ते म्हणाले, "नहीं बेटा. एक नहीं है."

मग त्यांनी वायर कुठे लावलीय विचारलं. हेडफोनचं भोक म्हटल्यावर हसले. तिथून निघतो तो नुसता स्टिरिओ. संवाद ज्यातून यायचे तो मधला स्पीकर, सेंटर, आमच्याकडे वर्षभर गप्प बसला होता. ५.१ मध्ये पिक्चरमधलं बोलणं मुख्यतः त्या एका स्पीकरमधून येतं, आणि आम्ही नेमकं त्याचंच तोंड बंद केलं होतं. मी! ईएक्सटीसीची विद्यार्थिनी! जमीन दुभंगावी असं वाटलं. पण निघताना ते आणखी एक वाक्य बोलले, "कान का टेस्ट करा लो पहले. मशीन बाद में."

त्या दिवशी काही न घेता परत आलो.

पप्पांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायला तीन आठवडे लागले. ते सगळं सांगत नाही, आमच्या घराची अब्रू आहे. शेवटी मम्मीने बोलणं बंद केलं तेव्हा तयार झाले. एका काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला आणि टूं-टूं आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. बारीक आवाज लागले की पप्पांचा अंगठा बटणावर तसाच थांबलेला, आणि ते माझ्याकडे बघत होते, परीक्षेत कॉपी मागणाऱ्या मुलासारखे.

मग बाईंनी तो कागद हातात दिला. ऑडिओग्राम. आडव्या रेषेवर फ्रीक्वेन्सी, उभ्या रेषेवर डेसिबल. मी तो बघितला आणि मला घाम फुटला. कारण असा ग्राफ मी गेली दोन वर्षं काढतेय. जर्नलमध्ये, सेमीलॉग पेपरवर, व्हायवाच्या आदल्या रात्री दुसरीचा बघून. २५०, ५०० हर्ट्झला रेष बऱ्यापैकी सरळ, १००० नंतर उतार, ४००० ला खोल खड्डा, ८००० ला जराशी वर. तो खड्डा सोडला तर सरळसरळ लो-पास फिल्टर! आवाजाने गेलेल्या कानांची हीच खूण, खड्डा आधी ४००० च्या आसपास पडतो. आपल्या बोलण्यातले अ, आ, ओ हे खालच्या फ्रीक्वेन्सीत असतात, ते पप्पांना ऐकू येतात. स, श, त, क, फ हे वरचे. ते फिल्टरमध्ये अडकतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आणि आम्ही काय करत होतो? आवाज वाढवत होतो. त्याने सबवूफरची धडधड वाढायची आणि उरलेसुरले स-श तिच्याखाली गाडले जायचे.

आतल्या कानातल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मी वाचत बसले. अमेरिकेतली नायॉश ही संस्था सांगते, ८५ डेसिबलमध्ये माणसाने आठ तास काम करावं. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला येईपर्यंत उरतात १५ मिनिटं. आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबल धरतात. दुसऱ्या दिवशी डब्याच्या निमित्ताने कारखान्यात गेले आणि मोबाईलच्या ॲपवर मोजलं. ९७, ९८, मधेच १००. (मोबाईलचं मोजमाप म्हणजे ढोबळच, हे मी प्रॅक्टिकलवाली म्हणून कबूल करते.) १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजाने येणारं बहिरेपण रोगांच्या यादीत होतं. म्हणजे कायद्याला माहीत होतं. आमच्या घरात मात्र तो विनोद होता.

आणखी एक गोष्ट त्या रात्री लक्षात आली, ती मला जास्त लागली. पप्पा नवे पिक्चर बघायचे नाहीत. सारखं 'अशी ही बनवाबनवी', नाहीतर 'शोले'. आम्ही चिडवायचो, तुम्ही जुन्या जमान्यातले! पण ते सगळे संवाद त्यांना पाठ होते. ते ऐकून हसतच नव्हते, आठवून हसत होते.

डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं होतं. मी सोळा हजार पुढे केले, म्हटलं थिएटर राहू दे. दोन्ही कानांच्या चांगल्या यंत्राला ते पुरणार नव्हतेच, पण सुरुवात झाली असती. पप्पा म्हणाले, "थिएटर चौघं ऐकतील. कानातलं मी एकटाच ऐकणार." आणि मग, "दिवाळीनंतर बघू." आमच्या घरात 'दिवाळीनंतर' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. कारखान्यात घालायला फोमचे बोळे आणून दिले, तर ते दुसऱ्या दिवशी डब्यातून परत आले. "कान बंद केले तर लूमला काय दुखतंय ते मला कसं कळणार?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. बोळे मी फेकले नाहीत, रोज डब्यात ठेवते.

तर परत लॅमिंग्टन रोड, परत तेच दुरुस्तीवाले. जुना रिसीव्हर घेतला साडेआठ हजारांना. अर्धा तास चालू ठेवून हात लावून बघितला, व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखरतंय का ऐकलं, झाकण काढून कपॅसिटर फुगलेत का पाहिलं. आमचे जुने पिटुकले स्पीकर तीन ओहमचे, याला निदान सहा हवेत, म्हणून ते बाद. सबवूफरचा ॲम्प्लिफायर जुन्या खोक्यातच, म्हणून तोही बाद. (आता त्याच्यावर मम्मीचं पाण्याचं पिंप आहे.) तीन वापरलेले बुकशेल्फ स्पीकर घेतले, दोन बाजूंना आणि एक मधे. म्हणजे ५.१ चं झालं ३.०. भाऊ अजून लोकांना सांगत नाही.

रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक मिळाला होता. तो सोफ्यावर ठेवला की मशीन आपोआप सगळे स्पीकर जुळवून घेतं. जुळवून घेतलं, ऐकलं, मला फार सुंदर वाटलं. पप्पांना काही कळलं नाही. बरोबरच आहे, त्या माइकने तेहतीस वर्षं लूम ऐकले नव्हते. मग मी ते सगळं पुसलं. ऑडिओग्राम मांडीवर घेतला आणि हाताने लावत बसले. सेंटर सहा डेसिबल वर, ट्रेबल वर, बास खाली, आणि रात्रीसाठी असतो तो मोड चालू, म्हणजे मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. माझ्या कानाला ते आता भयंकर लागतं. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. हिंदी पिक्चरमधल्या बॉम्बचा नुसता 'फट्' आवाज येतो.

मागच्या रविवारी एक नवीन मराठी पिक्चर लावला, पप्पांनी न पाहिलेला. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "जरा मागे घे."

मी रिमोट उचलत विचारलं, "नाही कळलं का?"

"कळलं गं. हसत होतो ना, म्हणून पुढचं राहिलं."