मटणाचा हिशेब

काटकसर या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या स्वयंपाकघरात मटण शिजत नसावे, असा आम्हांस दाट संशय येतो. त्यांची काटकसर तांदूळ, तुरीची डाळ आणि तूप यांपाशी येऊन थांबते. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणीमित्रा'त मांसमासळीचे पदार्थ निःसंकोच सांगितले, हे खरे. पण पदार्थ सांगणे वेगळे आणि पिशवी घेऊन खाटकाच्या दुकानापुढे उभे राहणे वेगळे. मुंबई-पुण्याकडे किलोभर मटणास आज आठशे रुपयांच्या आगेमागे मोजावे लागतात. महिन्याचे चार रविवार ही रक्कम देणाऱ्या पांढरपेशा कुटुंबाने केवळ संकोचापायी या विषयाचा विचार टाळावा, हे आम्हांस पटत नाही.

भावासाठी भांडणारे लोक आपल्याकडे आहेत. २०१९ च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरवाढीवरून ग्राहक आणि विक्रेते यांच्यात असा तंटा माजला की, नागरिकांनी कृती समिती स्थापन केली आणि साऱ्या महाराष्ट्राने तो प्रकार काहीशा कौतुकाने पाहिला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावी असे व्हावे, यात नवल नाही. त्या ग्राहकांस आम्ही दोष देत नाही. तरीही भावात सुटणारे वीस-पंचवीस रुपये ही या व्यवहारातली लहान बचत होय. मोठी बचत आपण काय मागतो यात असते. आणि ती साधण्यास खाटकाशी भांडावे लागत नाही, उलट त्याच्याशी थोडा स्नेह असावा लागतो.

हाडाचेच उदाहरण घ्या. आमच्या शेजारचे एक गृहस्थ दर रविवारी बिनहाडाचेच मटण आणतात. 'हाडाचे पैसे कशाला द्यायचे?' हे त्यांचे तत्त्व. आता किलोभर मटणात पाव किलो हाड आले असे धरा. आठशे रुपयांत पाऊण किलो निव्वळ मांस पडले. म्हणजे किलोस सुमारे एक हजार सदुसष्ट रुपये झाले. बिनहाडाचा भाव याच्या खाली असेल तरच त्या तत्त्वाला काही अर्थ. आणि आमच्या पेठेत तरी तो खाली असल्याचे आम्ही पाहिलेले नाही. खाटकाने हाडाचे पैसे आधीच धरलेले असतात. गृहस्थ ते देतात आणि हाडे मात्र दुकानातच ठेवून येतात. ती हाडे घरी आली असती, तर त्यांतून भांडेभर रस्सा निघाला असता.

रस्सा ही गोष्ट साधी नव्हे. पाव मांस आणि चार माणसे, या त्रैराशिकाचे उत्तर आपल्या घरांतून शतकानुशतके रश्श्यानेच दिले आहे. कोल्हापूरची गृहिणी तर एकाच किलोतून चार जिन्नस काढते. मटण हळद-मीठ लावून शिजविले की त्याचे पाणी, ज्यास अळणी म्हणतात, ते लहान मुलांच्या वाटीत प्रथम जाते. उरलेल्यातील काही नारळाचे दूध व खसखस घालून पांढरे होते, काही चटणी-वाटणाने तांबडे होते, आणि शिजलेल्या तुकड्यांचे सुके होते. (खसखस आज मटणाहून महाग झाली आहे, हे आम्हांस ठाऊक आहे, पण ती किलोने लागत नाही.) मुंबईकडच्या प्रभू मंडळींनी हाच प्रश्न रश्श्यात बटाटा टाकून सोडविला; आणि अनुभव असा की, पंगतीत त्या बटाट्यावरूनच अधिक भांडणे होतात.

म्हणून ज्यास रस्सा करावयाचा आहे, त्याने मान, सीना आणि नळी मागावी. या भागांत शिरा व पांढरे चिवट पदर फार. मंद आचेवर दीड-दोन तास ठेवले की ते विरघळून रश्श्यास दाटपणा येतो. मांडीचा गुबगुबीत तुकडा दिसावयास देखणा, पण त्याच रश्श्यात कोरडा पडतो. बहुतेक दुकानांत या साऱ्यास एकच भाव असल्यामुळे, मागणाऱ्याने न मागितल्यास त्याच्या पिशवीत काय पडते हे सांगावयास नकोच. खिमा मात्र डोळ्यांदेखत करून घ्यावा. मांस जून निघालेच, तर कच्च्या पपईचा लहानसा तुकडा वाटून लावला असता गॅस पुष्कळ वाचतो.

कोंबडीच्या दुकानात निराळी गंमत आहे. तेथे जिवंत कोंबडीचा भाव एक आणि साफ केलेलीचा दुसरा. कमी आकडा पाहून आनंदणाऱ्याने ध्यानात ठेवावे की, कातडी, पिसे आणि आतडी जाऊन जिवंत वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भागच हाती येतो. दीडशेचा भाव मग सव्वादोनशेचा होतो. श्रावण आणि नवरात्र यांत मागणी घटून हा भाव बहुधा उतरतो. आम्ही श्रावण पाळतो. पण शेजाऱ्यांच्या धर्मनिष्ठेचा असा रोख लाभ घेणारे आमचे काही स्नेही आहेत.

येथवरचा हिशेब सोपा आहे. खरी स्वस्ताई दुकानाच्या दुसऱ्या टोकास, मुंडी, पाय आणि वजडी यांच्यापाशी असते. यांस किलोचा भाव बहुधा नसतो, नगावर सौदा होतो, आणि मटणाच्या मानाने ती फारच थोडक्यात मिळतात. चव म्हणाल, तर पायांच्या रश्श्यापुढे मांडीचा रस्सा फिका. मग पांढरपेशे लोक ती का घेत नाहीत? आढ्यता हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण अधिक सच्चे आहे. पायांचे केस जाळावयाचे, खरवडावयाचे, पुन्हा धुवावयाचे; वजडी तर उकळत्या पाण्यात घालून तिचा काळा पापुद्रा निघेतो घासावी लागते. हे सारे करून चार-पाच तास चुलीवर लक्ष ठेवावयाचे. खाटकाकडून सुटलेला पैसा असा कोणाच्या तरी हातांतून वसूल होतो. 'आमच्याकडे पाया फार स्वस्तात होतो', असे अभिमानाने सांगणाऱ्या पुरुषांस आम्ही पुष्कळदा विचारले आहे की, वजडी घासते कोण? या प्रश्नास बहुधा हसून उत्तर मिळते.

आमच्या लहानपणी घरात सहा माणसे होती आणि पगाराच्या पहिल्या रविवारी अर्धा किलो मटण येई. वाढण्याचा क्रम ठरलेला होता. वडील, कोणी पाहुणा असल्यास तो, मग आम्ही मुले. मातोश्री सर्वांमागून बसत. तोवर पातेल्यात मानेचे एखादे हाड, अर्धा बटाटा आणि रस्सा एवढेच राही. 'मला हाडच गोड लागते', असे त्या म्हणत, आणि ते हाड अशा निगुतीने खात की आमचा त्यांवर विश्वास बसे. त्या घराची काटकसर अर्ध्या किलोवर चालत नव्हती. ती त्या वाक्यावर चालत होती. पुढे आम्ही मिळवते झालो, मटण किलोने येऊ लागले, तेव्हा एकदा त्यांच्या पानात मांडीचे तुकडे आणि काळजाची फोड पहिल्या वाढीत पडली. त्यांनी ती फोड बोटाने बाजूस सारली आणि विचारले, "हे मुलांना उरले आहे ना?" उरले आहे, असे आम्ही म्हणालो. त्यानंतर त्यांनी प्रथम खाल्ली ती काळजाची फोडच. हाडास त्यांनी त्या दिवशी हात लावला नाही.

सातारकडच्या आमच्या एका मावशींची रीत याहून निराळी होती. त्यांच्याकडेही मटण मोजकेच येई, आणि माणसे आमच्याहून अधिक. पातेले उतरले की मावशी प्रथम एक वाटी भरीत: दोन तुकडे, एक नळी, वर थोडा रस्सा. वाटीवर ताटली झाकून ती फडताळात जाई आणि मगच पाने मांडली जात. रश्श्यात पाणी वाढवावे लागले तर त्या वाढवीत, पुरुषांस एक भाकरी जास्त घेण्याचा आग्रह करीत. पण त्या वाटीस हात लागत नसे. एकदा आमच्यापैकी कोणीतरी ती वाटी कोणाची, असे विचारले. "जिने मटण धुतले तिची", असे म्हणून मावशींनी फडताळाचे दार लावून घेतले.