बोझी दार : गेलेले, जात असलेले

चेक प्रजासत्ताकातले सर्वांत उंचावरचे शहर, १०२८ मीटर. वस्ती अडीचशेच्या आसपास. आपल्याकडे वाडीच म्हटली असती. पण सोळाव्या शतकात इथे खाणी होत्या आणि खाणींनी शहराचा मान दिला. क्रुश्ने होरी डोंगररांगेच्या पठारावर हे गाव वसले आहे. जवळच रांगेतले सर्वांत उंच शिखर क्लीनोव्हेत्स, १२४४ मीटर. थोडे चालले की जर्मनी.

चांदी. तिच्यासाठीच माणसे एवढ्या थंडीत वर आली. ती सर्वांत आधी संपली.

कथील. ते जास्त टिकले आणि त्याने एक मोठे काम मागे ठेवले. १५४० ते १५४४ या काळात बोझी दारच्या दलदलीतून होर्नी ब्लात्नाच्या खाणींपर्यंत बारा-तेरा किलोमीटरचा पाट खणला गेला. डोंगराच्या कडेकडेने, अगदी बेताचा उतार देत, यंत्राशिवाय. या पाण्यावर खाणीतली चाके आणि गिरण्या फिरल्या. आज खाण नाही, चाक नाही, पाट मात्र वाहतो. मधल्या काळात तो गाळाने भरून मोडकळीला आला होता. १९९० च्या दशकात दुरुस्तीला हात लागला. खरे तर गेलेल्यांच्या या यादीत तो बसत नाही. तरी त्याला वगळवत नाही.

सॅक्सनीची सत्ता. गाव वसवले सॅक्सनीच्या राजवटीत. शतकाच्या मध्यावर सम्राट आणि प्रोटेस्टंट राजे यांच्यात श्माल्काल्डिक युद्ध झाले आणि डोंगराचा हा भाग बोहेमियाकडे आला. गावकऱ्यांची बोली मात्र डोंगरापलीकडचीच राहिली. पुढची चारशे वर्षे गावाचे नाव जर्मनमध्ये गोट्टेसगाब असेच होते.

लेस. खाणी थकल्यावर घरातल्या बायकांनी संसार सावरला. उशीवर टाचण्या रोवायच्या, लाकडी रिळांवरचे दोरे एकमेकांत गुंफायचे, सबंध हिवाळा. एवढ्या उंचीवर शेतीचा भरवसा नव्हता. या कामाची मजुरी किती तुटपुंजी होती, हे लेसच्या नाजूकपणाचे कौतुक करताना विसरले जाते.

आंटोन ग्युन्टर. जन्म १८७६, याच गावात. प्रागमध्ये शिळाछापाचे काम करत असताना घरच्या ओढीने त्याने बोलीत गाणे रचले. मित्र उतरवून मागू लागले. किती जणांना हाताने लिहून देणार? १८९५ मध्ये त्याने गाणे, सूर आणि चित्र एका पोस्टकार्डावर छापले. पुढे अशी पुष्कळ कार्डे निघाली. १९०१ मध्ये वडील वारल्यावर तो नोकरी सोडून घरी परतला आणि गात राहिला. डोंगराच्या दोन्ही बाजूंना त्याची गाणी पोचली. १९३७ च्या एप्रिलमध्ये त्याने स्वतःचे जीवन संपवले. दीड वर्षाने म्यूनिक करार झाला आणि हा सारा सीमाभाग हिटलरच्या जर्मनीत गेला. ग्युन्टरची कबर गावातच आहे. गाणी मात्र आता सॅक्सनीत म्हटली जातात.

कारण बोली गेली. हे या यादीतले सर्वांत मोठे कलम. १९४५-४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनभाषकांना घालवून देण्यात आले. थोडके सामान घेऊन घर सोडायचे. हिटलरच्या राजवटीने चेक माणसांवर केलेले अत्याचार ताजे होते, संताप समजण्याजोगा होता. पण लेस विणणारी म्हातारी आणि पाळण्यातले पोर यांनाही त्याच शिक्षेत ओढले गेले, ते मला न्याय्य वाटत नाही. नवे लोक आले, पण पुरेसे नाही. शिवाय खालच्या याखिमोव्हमध्ये युरेनियमसाठी कैद्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. परिसरावर पहारा बसला.

रिझोव्हना. शेजारचे गाव, जर्मन नाव झायफेन. चर्च होते, शाळा होती, घरांची रांग होती. आता बहुतेक माळच.

क्योनिग्समुले. क्लीनोव्हेत्सच्या पलीकडच्या उतारावरची छोटी वस्ती. दगडी भिंती अर्ध्या उभ्या आहेत, छप्पर एकावरही नाही. अलीकडे तिथे चेक आणि जर्मन कलाकार एकत्र येतात, अवशेषांना धक्का न लावता काम करतात. उजाड गावाचा याहून चांगला मान कुणी राखलेला मला ठाऊक नाही.

सीमेवरची कायमची तपासणी. २१ डिसेंबर २००७ रोजी बंद. ही गेली याचा निखळ आनंद आहे. आता पलीकडच्या जर्मन ओबरवीझेनटालला जायला पासपोर्टावर शिक्का लागत नाही.

स्प्रूसचे रान. १९७० आणि ८० च्या दशकांत पायथ्याच्या वीजकेंद्रांत भुरा कोळसा जळत होता. त्यातले गंधक आम्लाच्या पावसाने माथ्यावर उतरले. डोंगरच्या डोंगर वाळले. नव्वदच्या दशकात धुराड्यांना गंधक रोखणारी यंत्रणा बसली आणि झाडे पुन्हा धरू लागली.

काळा ग्राउस. कोंबड्याएवढा पक्षी; नर काळाभोर, डोळ्यांवर लाल तुरे. त्याला मोकळे रान लागते. जंगल मेले तेव्हा याला जागा मिळाली, आणि आल्प्सबाहेरच्या मध्य युरोपातली त्याची एक मोठी वस्ती या रांगेत टिकली. आता रोपे वाढून रान दाट होते आहे, तशी त्याची जागा आक्रसते आहे. दलदलीत हिमयुगापासून तग धरलेले खुजे बर्चही उघड्यावरच जगते. म्हणून काही पट्टे मुद्दाम मोकळे राखावेत, असे पक्ष्यांचे अभ्यासक सांगतात. राखावेतच. झाडे लावायला इतरत्र डोंगर आहेत. या पक्ष्याला नाहीत.