कापूस कोनं वेचला?

शाळामास्तराच्या घरी वर्षातून एकदा लग्नकार्य निघते. त्याला स्नेहसंमेलन म्हणतात. मांडव, रुसवेफुगवे, उसने आणलेले लुगडे, ऐनवेळी हरवलेली मिशी, सारे तेच. त्यातून मास्तर कादंबऱ्या लिहिणारा असला, की नाटिका लिहिण्याचे काम आपसूकच त्याच्या गळ्यात पडते. आमच्या पांढरकवड्यात हा मान बरीच वर्षे माझ्याकडे आहे. आणि खोटे कशाला बोलू, मला तो आवडतो.

२०१९ च्या आधीची गोष्ट. मी शेतकऱ्याच्या आत्महत्येवर नाटिका लिहिली. हा मुलूख कापसाचा. असे एखादे घर ठाऊक नाही, असा माणूस इकडे मिळायचा नाही. नायकाला मी तीन पानी भाषण दिले, सावकाराला गडगडाटी हास्य दिले आणि नायकाच्या बायकोला पांढरे लुगडे नेसवून कोपऱ्यात बसवले. तिला वाक्य एकही नव्हते. तिने नुसते रडायचे. आठवीतल्या मुलीने ते काम इतके चोख केले की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी रुमाल काढले. मी पडद्याआडून ते रुमाल मोजत होतो.

पडदा पडल्यावर एक बाई भेटायला आली. आमच्याच एका विद्यार्थिनीची आई. तिचा नवराही तसाच गेलेला. मला वाटले, आता ही डोळे पुसत दोन शब्द बोलणार. ती म्हणाली, "गुरुजी, नाटक बेस झालं. पन ते बाई तं पूरा वेळ रडतच होती. मंग कापूस कोनं वेचला?"

मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री झोप येईना. माणूस गेला तरी पऱ्हाटी उभी असते, बोंडे फुटायची थांबत नाहीत. वेचणी, पोरांची शाळा, बँकेचे कर्ज, सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी घातलेल्या खेपा, हे सारे ज्या बाईच्या वाट्याला येते, तिला मी कोपऱ्यात बसवले होते! अशा मृत्यूनंतर सरकारची एक लाखाची मदत आहे. पण आधी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरावे लागते. शब्दाची गंमत पाहा: नाटकातल्या माणसालाही आपण पात्रच म्हणतो. कचेरीतले पात्र तिचा नवरा, माझ्या नाटिकेतले पात्रही तिचा नवराच. ती बाई दोन्हीकडे अपात्र!

वास्तविक मराठी नाटकाला अन्यायाची गोष्ट नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. त्यात जोशीबुवा एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून त्या नवराबायकोला नागवतो. पण जोतीराव त्यांना रडत ठेवीत नाहीत. शेवटी दोघेही शिकायला रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. मास्तर असून मला हे सुचू नये?

मग २०१९ चा जानेवारी उजाडला. यवतमाळला ९२ वे साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतल्यावरून मोठा वाद झाला आणि अखेर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांना मिळाला. शेतकऱ्याची बायको, नवऱ्याने आत्महत्या केलेली. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात त्या काम करीत होत्या. त्या नाटकात अशाच घरांतल्या बायका रंगमंचावर उभ्या राहतात. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. पाहुणे जेवून जातात तो दिवस. बाईचे पुढले दिवस तिथून सुरू होतात. ज्यांनी ते काढले, त्याच बोलू लागल्यावर प्रेक्षकाने रुमाल काढून सुटका करून घ्यायची तरी कशी?

पुढल्या संमेलनाच्या तालमीला मी त्या आईला बोलावले. जुनी वही तिच्यापुढे वाचली. तिने नायकाचे भाषण अर्ध्या पानावर आणले. "एवढं बोलत असता तं गेलाच नसता," म्हणाली. माझ्यातल्या कादंबरीकाराने मान खाली घातली. बायकोचे काम या खेपेस तिच्या मुलीने केले. कमरेला ओटी बांधून ती पुढे आली आणि समोर पाहून तिने तोच प्रश्न विचारला. मग म्हणाली, "वेचला मी, तं वावरावर नाव कोनाचं?"

तिसऱ्या रांगेत त्या मुलीचा मोठा काका बसला होता. तो टाळी न वाजवता उठून गेला. माझ्या पोटात गोळा आला. घरी पोरीला बोल बसतील, ही भीती होती. बसलेही. पण पुढच्या आठवड्यात ती आई तलाठ्याकडे निघाली, तेव्हा शेजारच्या चार बाया तिच्याबरोबर निघाल्या. त्याआधी ती एकटीच जात असे. काम त्या दिवशी झाले नाही; अनेक खेपा पडल्या, शेवटी नाव लागले. त्याचे श्रेय नाटकाने घेऊ नये. त्या चार बायांना द्यावे.

यंदाही दिवाळीच्या तोंडावर बोंडे फुटली आहेत. वेचणीआधी वावरात सीतादही होईल, बायका दहीभाताचा नैवेद्य दाखवतील. त्या बाईने मला सहकुटुंब बोलावले आहे. निरोपात एवढेच होते: "गुरुजी, वही घेऊन या. एक गोष्ट ऱ्हायली सांगाची."